लागलेला ठोसा कुणी पाहिलाय?

बंगळूरला जाऊन आलो म्हटल्यावर गावात दोनच गोष्टी विचारतात. हवा कशी होती, आणि पोराला नोकरी बघितली का. हवा झकास होती. पोरगा ट्रॅक्टरच्या दुकानात सुखात आहे, त्याला कुठं हलवायचं नाही. मी गेलो होतो सिनेमाच्या कामाला, आणि आलो भांडून. त्या भांडणाची मला जरासुद्धा लाज वाटत नाही, म्हणून तर हे लिहायला बसलोय.

मी कुस्तीच्या मैदानात माईकवर बोलतो. आमच्या कागल भागात जत्रेचं मैदान निवेदकाशिवाय होत नाही. लांब झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्याला कुणी कुणाचा पट काढला ते कसं कळणार? ते मी सांगायचं. शाळेत खेळाचा मास्तर होतो, तेव्हापासून सगळे मास्तरच म्हणतात. माझं असलंच एक बोलणं कुणीतरी मोबाईलवर टाकलं होतं. ते ऐकून बंगळूरहून केतकी नावाच्या मुलीचा फोन आला. एक मोठा सुपरहीरोचा सिनेमा मराठीत येतोय, आणि अंध प्रेक्षकांसाठी त्याचं वर्णन रेकॉर्ड करायचंय. संवाद थांबले की मधल्या रिकाम्या जागेत एक आवाज पडद्यावर काय चाललंय ते सांगतो, आणि तो आवाज माझा हवा. मी म्हटलं, अगं पोरी, हेच तर मी जन्मभर करतोय!

इंदिरानगर

स्टुडिओ एका कॉफीच्या हॉटेलवर होता. खाली उभ्याउभ्या कॉफी प्यायची आणि वर जायचं. केतकी पुण्याची, हुशार आणि लगबगीची. तिनं एका कॉफीचे दोन पेले करून एक माझ्या हातात दिला. त्याला तिथं ‘बाय टू’ म्हणतात. मी म्हटलं, “आमच्याकडं पाहुण्याला अर्धी कॉफी दिली तर सोयरीक मोडेल.” ती हसली आणि आणखी एक मागवली, तीही बाय टू.

वर काचेची खोली, माईक आणि समोर पडदा. सिनेमात एक निळ्या कपड्यातला उडणारा गडी होता आणि त्याच्या विरोधात एक लोखंडी हाताचा. मैदानात मी पैलवानाचं गाव सांगून सुरुवात करतो. इथं निळ्याचं गाव कुठलं विचारलं, तर म्हणाली, “सर, ॲक्च्युअली तो दुसऱ्या ग्रहावरचा आहे.” बरं बाबा. मी एकाला निळ्या म्हणालो आणि दुसऱ्याला लोखंड्या.

पहिली मारामारी हॉटेलच्या मुदपाकखान्यात होती. निळ्या अजून साध्या कपड्यात, चौघे गुंड अंगावर आलेले. कॅमेरा एका कोपऱ्यात गप उभा. काय सांगू, तोंडातून शब्द आपोआप निघाले! “डावा हात धरला, खांद्यावरनं घेतला, ओट्यावर आडवा घातला. कढई उचलली, दुसऱ्याचं मनगट अडवलं.” केतकी काचेपलीकडून अंगठा दाखवत होती. सगळंच टाकाऊ म्हणणारा मी नव्हे. ती मारामारी कुणीतरी जीव लावून बसवली होती, आणि ती बघू पण दिली होती.

मग शेवटची लढत लागली, आणि माझी बोबडी वळली.

कुस्तीत हाताकडं बघणारा फसतो. कुठला डाव येणार ते पाय सांगतो. मी सवयीनं पाय शोधायला लागलो, तर पायच नाहीत! सगळं कमरेच्या वर. आणि तेही पापणी लवेपर्यंत बदलतंय. निळ्या डावीकडनं आला, पुढच्या क्षणी उजवीकडनं. मूठ, डोळा, भिंत, धूळ, किंचाळणारी बाई, परत मूठ. कॅमेरा असा हलतोय की धरणाऱ्यालाच कुणीतरी हाणतंय असं वाटावं. मी “निळ्यानं…” म्हणेपर्यंत लोखंड्या, “लोखंड्यानं…” म्हणेपर्यंत मोटार. माझा तोल गेला. मैदानात गोंधळ झाला की मी जे ओरडतो तेच तोंडातून गेलं: “ए, पुढचे खाली बसा! मागच्यांना दिसंना!”

केतकीनं कानावरचे हेडफोन हळूच काढले. आंधळ्या माणसांच्या सिनेमात मी हे बोललो होतो. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

निर्मात्यांच्या वतीनं मुंबईहून आलेला समीर नावाचा माणूस मागच्या सोफ्यावर बसला होता. सभ्य, मऊ बोलणारा. तो म्हणाला, “मास्तर, इतका त्रास कशाला? एकच ओळ म्हणू या. ‘दोघांत घनघोर लढत सुरू होते.’ पुढे म्युझिक आहेच. शेवटी ‘शत्रू कोसळतो’ म्हणायचं. ॲक्शन ही फील करायची गोष्ट आहे.”

“घनघोर म्हणजे काय?” मी विचारलं.

“म्हणजे… जोरदार.”

“बरं. पूल कोसळतो, तेव्हा एक जण दुसऱ्याच्या छाताडावर बसलेला असतो. वर कोण असतो?”

“वर म्हणजे?”

“अहो वर म्हणजे वर! कोण बसलाय आणि कोण खाली आहे?”

त्यानं तो भाग मागं घेऊन बघितला, परत बघितला. “हीरो असेल,” म्हणाला. असेल! सिनेमा याचा, आणि वर कोण ते याला ठाऊक नाही. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. राग त्याच्यावर होता तेवढाच माझ्यावर होता, कारण मलाही सांगता येत नव्हतं.

तो गेल्यावर केतकीनं ती लढत एकेक तुकडा थांबवून दाखवली. मूठ मागं जाते, कट. मान झटकते, कट. माणूस भिंतीतनं आरपार जातो, कट. मी म्हटलं, “मधलं कुठाय? मूठ लागते ते?”

“सर, ते नसतंच.”

“नसतं म्हणजे?”

मग तिनं समजावलं. नट स्वतः लढत नाही, त्याच्या जागी दुसरा लढतो, म्हणून चेहरा दिसायच्या आत कापायचं. लहान मुलं बघणार, म्हणून लागलेलं दाखवायचं नाही, नुसता आवाज द्यायचा. लोखंड्याचा अर्धा देह तर संगणकावर केलेला, त्याला खरा हात लागणार कसा? आणि भराभर कापलं की बघणाऱ्याचं डोकंच मधली जागा भरून काढतं. ती चेष्टेनं सांगत नव्हती. कापणाऱ्याचं कसब आहे ते, म्हणाली, आणि ते मलाही मान्य आहे. पण मी पडलो निवेदक. मैदानात मी जन्मात कधी न लागलेला डाव लागला म्हणून सांगितला नव्हता.

जाताना ती म्हणाली, “सर, आपलं रेकॉर्डिंग एक अक्का तपासतात. त्या स्वतः अंध आहेत. आजचं कच्चं त्यांना पाठवलं होतं. त्या म्हणाल्या, तो खाली बसा म्हणणारा कोण? त्याला इकडं पाठवा.”

शिवाजीनगर

माझी उतरायची सोय शिवाजीनगरला होती. नाव ऐकून छाती फुगली होती. म्हटलं, इथं तरी आपलीच माणसं असणार. कुठलं काय! बस स्टँडची गर्दी, गाड्यांचे सुटे भाग, शिंप्यांची यंत्रं, बिर्याणीचे हंडे, आणि मराठीचा एक शब्द नाही. तरी माझं अडलं नाही. लॉजखालच्या गॅरेजवाल्या चाचांची दखनी आणि माझी कोल्हापुरी अशी गुण्यागोविंदानं नांदली की आम्ही तासभर बैल आणि म्हशींवर बोललो.

सकाळच्या सांबाराला गुळाची चव लागली तेव्हा मात्र मी वाटी खाली ठेवली. वाढप्याला म्हटलं, “तिखट नाही का?” तो म्हणाला, “स्वल्प अडजस्ट माडी, सार.” जरा सांभाळून घ्या, असं. दोन दिवसांत हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलं, की समीरची ती एक ओळ मला तसलीच वाटायला लागली. घनघोर लढत सुरू होते, स्वल्प अडजस्ट माडी. नाही करणार, जा!

आनेकल

त्या अक्का राहतात ते आनेकल शहराच्या दक्षिणेला. केतकी आणि मी बसनं गेलो. वाटेत कारखाने, मग फुलांची शेतं, परत कारखाने. एका खानावळीत जेवायला थांबलो, तर पानात नाचणीचा मोठा गोळा आला. त्याला मुद्दे म्हणतात. मी भाकरीसारखा तोडून चावायला लागलो आणि तो दातांना, टाळ्याला, सगळीकडं चिकटला. शेजारच्या कामगारानं हातानं खूण केली. चावायचा नाही, सारात बुडवून गिळायचा. गिळला. चांगला होता, पण चावल्याशिवाय जेवण म्हणजे मला तरी पोट फसवल्यासारखं वाटलं.

शैलाअक्कांचा दवाखाना बाजारापाशी होता. बाई मूळच्या निपाणीच्या, जन्मापासून दृष्टी नाही, शिकून फिजिओथेरपिस्ट झाल्या. कारखान्यातल्या बायांच्या पाठी आणि गडीमाणसांचे खांदे मोकळे करतात. आमची चाहूल लागताच म्हणाल्या, “ऊटा आयता? जेवलाय न्हवं? बसा की.” मी नमस्कार म्हटलं, तर त्यांनी थेट माझा उजवा खांदा दाबला. मी कळवळलो.

“माईक ह्याच हातात धरता न्हवं? आखडलाय. आणि काय हो मास्तर, मागच्यांना दिसंना म्हणून आमास्नी खाली बसवताय?”

मी माफी मागायला लागलो, पण त्या इतक्या हसल्या की बाकावरचे रोगीही हसले.

केतकीनं लॅपटॉपवर शेवटची लढत लावली. अक्का म्हणाल्या, “आता सांगा. मैदानात सांगता तसं.”

मी सुरू केलं. “निळ्यानं उजव्या हाताचा ठोसा मारला, लोखंड्याची मान झटकली, तो उडाला, भिंतीवर आदळला…”

“थांबा. कुठं लागला?”

“आं?”

“जबड्याला का छातीला? आवाज छातीचा आलाय. आणि मगाशी तुम्ही मान झटकली म्हणाला.”

मी केतकीकडं बघितलं. तिनं मान हलवली. मी म्हणालो, “अक्का, ते दाखवलेलं नाही.”

“काय दाखवलेलं नाही?”

“लागलेलं. मूठ येते, मग मान हलते. मधलं कापलंय.”

त्यांचा हात टेबलावर थांबला. “म्हणजे तुम्हालाही दिसत नाही?”

“नाही.”

“कुणालाच?”

“कुणालाच नाही, अक्का.”

मला वाटलं, अक्कांना वाईट वाटलं. छे! बाईंचा चेहरा रागानं लाल झाला होता. “लहानपणी भाऊ मला थेटरात घेऊन बसायचे,” त्या म्हणाल्या. “धडाम झालं की ओरडायचे, हाणला रे हाणला! मी विचारायची, कुठं हाणला? तर म्हणायचे, अगं हाणला, तुला नाही कळायचं. आजवर मला वाटत आलंय, की तो घास सगळ्यांच्या तोंडात पडतोय आणि माझाच चुकतोय. आणि तुमच्यातल्या कुणालाच तो मिळत नाही? मग सांगत का नाही माणसं?”

कुणाच्या लक्षातच येत नाही, एवढंच खरं आहे.

“हे सांगा,” त्या म्हणाल्या. “धडाम मला सांगू नका, ते मला ऐकू येतं. वर कोण, खाली कोण, तोंड कुणीकडं, हे सांगा. आणि जे दाखवलं नाही, ते दाखवलं नाही म्हणून सांगा.”

“नाही चालायचं म्हणतील.”

“कोण म्हणतंय बघूया की!”

त्या दुपारी आम्ही तिघांनी ती लढत सोडवली. मी शब्द सुचवायचा, अक्कांनी निम्मे कापायचे. मला वाईट वाटायचं, मी माझ्या शब्दांवर फार खूश असतो. “तुमचं मैदान लांबलचक आहे मास्तर, इथं जागा बोटभर आहे,” म्हणाल्या. पण शेवटी जमलं. “निळ्या वर. तोंड नदीकडं. लोखंड्यानं गुडघा घातला, वर आला. ठोसा सुटला. लागलेला दाखवला नाही.” ती लढत मला पहिल्यांदा कळली होती.

पुन्हा शिवाजीनगर

स्टुडिओत परतल्यावर समीरनं आमच्या नव्या ओळी ऐकल्या आणि कपाळाला हात लावला. “मास्तर, ही सिनेमावर टीका झाली. वर्णन करणाऱ्यानं मत द्यायचं नसतं.”

“मत कुठं दिलं? चांगलं म्हणालो का वाईट म्हणालो? नाही दाखवलं ते नाही दाखवलं म्हणालो.”

“पण बाकीच्या प्रेक्षकांना असं कुणी सांगत नाही ना!”

“त्यांना पडदा सांगतो. ते ऐकत नाहीत, हा त्यांचा दोष.”

तो ऐकेना. म्हणाला, शनिवारी शिवाजीनगरच्या सभागृहात अक्कांच्या ओळखीतल्या अंध मंडळींसाठी खेळ लावतोय. बेळगाव-निपाणीकडची मराठी माणसं आहेत. त्यांना एका ओळीचं वर्णन ऐकवतो. कुणी तक्रार केली नाही, तर तेच कायम. मला म्हणाला, ती ओळ रेकॉर्ड करा. मी म्हटलं, “जीभ झडली तरी म्हणणार नाही.” मग केतकीनं खाली मान घालून ती ओळ आपल्या आवाजात म्हटली. तिची नोकरी होती, तिला मी बोल लावत नाही. समीरनं मला खेळाला यायची परवानगी दिली, पण गप्प बसायच्या अटीवर. मी मान डोलावली. खोटं कशाला सांगू, डोलावतानाच मला माझा भरवसा वाटत नव्हता.

सभागृह भरलं होतं. लोकांनी चिवडा आणला होता, गप्पा चालल्या होत्या. मुदपाकखान्याच्या मारामारीत माझा आवाज लागला आणि टाळ्या पडल्या. मी फुगलो. मग शेवट आला. केतकीचा आवाज म्हणाला, “दोघांत घनघोर लढत सुरू होते.” आणि पुढं नुसता दणदणाट. ढोल, स्फोट, किंकाळ्या. मी लोकांचे चेहरे बघत होतो. आधी सगळे पुढं झुकलेले होते. हळूहळू पाठी टेकल्या. एकानं चिवड्याचा पुडा उघडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, संतापाचं. ही माणसं तक्रार करणार नव्हती. त्यांना सवय होती. घास आपलाच चुकतोय असं समजून ती गप्प बसणार होती, आणि समीर त्याला पसंती म्हणणार होता.

अशात पहिल्या रांगेतनं अक्कांचा खणखणीत आवाज आला. “वर कोण हाय?”

सभागृह थबकलं. मागून एक म्हातारा म्हणाला, “व्हय की, वर कोण?” मग तिसरा, मग एक बाई, मग सगळेच. “वर कोण? वर कोण?”

मी उठलो. समीरनं माझा सदरा धरला, तो मी सोडवून घेतला. माईक नव्हता, पण माझा गळा हलगीच्या वर जातो. “निळ्या वर!” मी ओरडलो. “तोंड नदीकडं! लोखंड्या खाली, डावा हात अडकलाय!” सगळ्या पाठी परत पुढं आल्या. “गुडघा घातला! उलटला! आता लोखंड्या वर! ठोसा सुटला, लागलेला दाखवला नाही!”

“काय म्हणाला?” म्हातारा ओरडला.

“लागलेला दाखवलेला नाही आजोबा! कुणालाच!”

एक मोठी लाट उठली, हसण्याची आणि आश्चर्याची. शेजारी शेजाऱ्याला विचारायला लागला. मी थांबलो नाही. पूल पडला, गडी पाण्यात गेले, वर आले. शेवटी निळ्यानं हात मागं घेतला, पडदा पांढरा झाला, कानठळ्या बसल्या. केतकीचा आवाज म्हणाला, “शत्रू कोसळतो.” मी ओरडलो, “कोसळलेला दाखवला नाही! धूळ आहे. एक जण उभा आहे. निळ्या!”

दिवे लागले. समीर पुढं आला. घाम पुसत, पण सभ्यपणेच म्हणाला, “मंडळी, तुमच्या भावना समजल्या. लढतीचं सविस्तर वर्णन आम्ही नक्की ठेवू. फक्त ते ‘दाखवलं नाही’ तेवढं काढावं लागेल. त्यानं तुमचीच मजा जाते.”

शैलाअक्का उभ्या राहिल्या. “साहेब, एक विचारू? तुम्ही हा सिनेमा कितीदा बघितलाय?”

“खूपदा.”

“तो शेवटचा ठोसा लागलेला तुम्ही बघितलाय?”

समीरनं माझ्याकडं बघितलं, मग केतकीकडं. केतकी सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती. सभागृहात चिवड्याच्या पुड्याचाही आवाज नव्हता.

“हो म्हणा,” अक्का म्हणाल्या. “तुम्ही हो म्हणा, आम्ही विश्वास ठेवतो. आजवर ठेवलाच की.”

त्यानं परत घाम पुसला. मग म्हणाला, “नाही. नाही बघितला.”

“मग तुमच्या वाट्याला जे आलं नाही,” अक्का म्हणाल्या, “ते आमच्याही वाट्याला येऊ दे. आमचा तेवढा हक्क हाय.”

सोमवारी सकाळी मी काचेच्या खोलीत उभा राहून ‘दाखवला नाही’सकट सगळ्या ओळी म्हटल्या, आणि समीर सोफ्यावर बसून होता, पण एकदाही थांबा म्हणाला नाही.